सीता दिसते, सुनीता दिसत नाही! दवाखान्याचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं आणि फसलो, मदत हवी

दवाखानेवाला | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागतो.

बायको डॉक्टर, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दवाखाना, ओपीडी आणि चार खाटा. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणजे घरातला फुकटचा आयटी विभाग मीच. कोविडच्या आधीपासून ओपनईएमआर (पेशंटच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) वापरतोय, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पीएचपीत लिहिलेलं आणि डेटा मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये, त्यातलं मला थोडंफार कळतं असा माझा (कालपर्यंतचा) समज. जुन्या विंडोज लॅपटॉपवर ५.०.२ होतं, ते काल रविवारी नव्या मशीनवर उबुंटू टाकून सातव्या व्हर्जनवर नेलं. डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची फाइलमधली नक्कल) घेतला, नवीकडे चढवला, एका व्हिडिओत सांगितलं म्हणून सगळी टेबलं यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये (सगळ्या लिप्या मावतात अशी अक्षरं साठवायची पद्धत) कन्व्हर्ट केली, अपग्रेडची स्क्रिप्ट चालवली, शेवटी हिरव्या अक्षरात झालं म्हणून आलं. चहा प्यायलो.

आज सकाळी नऊला रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन, सर पेशंटची नावं फ्रेंचमध्ये येताहेत. बघतो तर मराठीत टाइप केलेलं सगळं, नाव पत्ता तक्रार ॲलर्जी, त्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, मग एक चक्रासारखं चिन्ह, मग आणखी काहीतरी, अशी माळच्या माळ. इंग्रजीत टाइप केलेलं जसंच्या तसं. दुपारी एक टेबल बाहेर काढून नेटवर मिळालेल्या फुकट कन्व्हर्टरमधून घातलं तर गंमत अशी की काही नावं चक्क सरळ झाली. सीता, अनिता, गणपत, राम बरोबर. सुनीता नाही. लक्ष्मी नाही. एकनाथ नाही. मधेच चौकटी. हे लाइव्हमध्ये (चालू डेटाबेसमध्ये) परत घातलं नाही, एवढी अक्कल शिल्लक होती.

दुसरं, स्कॅन करून ठेवलेले जुने रिपोर्ट उघडत नाहीत, एकही नाही. फाइल आहे, साइज आहे, उघडली की एरर. आज स्कॅन केलेले मात्र उघडतात.

तिसरं, औषधाच्या चिठ्ठीची पीडीएफ. त्यात "जेवणानंतर दिवसातून दोनदा" मधली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते.

डॉक्टरीणबाई दिवसभर त्याच सॉफ्टवेअरवर काम करत राहिल्या, ३८ पेशंट झाले, उद्या लसीकरणाचा वार. घरात माझ्याशी फक्त पोळ्या किती एवढंच बोलणं चालू आहे.

---

चहाबाज | सोमवार, रात्री १०:५८

हिरव्या अक्षरांवर विश्वास ठेवणारा माणूस पॉलिटेक्निकला शिकवतो. पोरांचं काय होणार.

---

बिटवाकडा | सोमवार, रात्री ११:०५

थांबा. कशालाही हात लावू नका. कन्व्हर्टर बंद, आणखी व्हिडिओ बंद, अपग्रेड स्क्रिप्ट परत चालवून बघूया हा विचार मनात आला असेल तर झोपायला जा.

आधी तीन प्रश्न.

१. कचरा दिसतोय की प्रश्नचिन्हं? तुमच्या वर्णनावरून कचरा वाटतोय, तसं असेल तर देव पावला. कचरा म्हणजे बाइट (अक्षरामागचे आकडे) शाबूत आहेत, फक्त वाचणारा चुकीच्या चष्म्यातून वाचतोय. नुसती प्रश्नचिन्हं असती तर मूळ अक्षर गेलं, त्याला कुणी परत आणत नाही.

२. जुना लॅपटॉप जसाच्या तसा आहे ना??

३. जुनं इन्स्टॉल करताना कोलेशन, म्हणजे अक्षरं साठवायची नि लावायची पद्धत, विचारतात तिथे काय निवडलं होतं?

(मी पुण्यात एका कंपनीत डेटाबेस सांभाळतो, मराठी डेटाची असली प्रेतं बरीच उचललीत.)

---

दवाखानेवाला | सोमवार, रात्री ११:२०

१. कचरा. प्रश्नचिन्हं नाहीत, निदान अजून तरी दिसलेली नाहीत.

३. आठवत नाही पण "काही नको" असा पर्याय होता त्यावर टिचकी मारल्याचं अंधुक आठवतंय, कारण बाकीची नावं कळत नव्हती.

२. इथेच घोळ आहे. लॅपटॉप मी रविवारी संध्याकाळी भाच्याला दिला. तो कराडला इंजिनिअरिंगला. घेऊन गेला. "फॉरमॅट करून वापर" असं मीच सांगितलं.

---

बिटवाकडा | सोमवार, रात्री ११:२१

फोन करा त्याला. आत्ता. झोपला असला तरी.

---

दवाखानेवाला | सोमवार, रात्री ११:४४

बोललो. "मामा कालच फॉरमॅट मारणार होतो पण पेनड्राइव्ह सापडला नाही." एक गेम टाकलाय बाकी तसंच आहे. लॅपटॉप बंद करून बाजूला ठेवायला सांगितलंय. मी पहाटेच्या एसटीने कराडला जातोय. त्या हरवलेल्या पेनड्राइव्हला नारळ फोडणार.

---

रजनीगंधा | मंगळवार, सकाळी ७:१०

मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये एमआरडीला (मेडिकल रेकॉर्ड विभागात) आहे, म्हणजे केसपेपरच्या गोडाऊनची राखणदार. कॉम्प्युटरचं मला कळत नाही पण आजची ओपीडी कशी चालवायची ते सांगते, ते आधी महत्त्वाचं.

आज सॉफ्टवेअरमध्ये एकही नवीन नोंद नको. कागदी केसपेपर काढा, त्यावर तात्पुरता नंबर टाका, मंगळ १ मंगळ २ असा, म्हणजे नेहमीच्या नंबरात मिसळणार नाही. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, मोबाइल, एवढं प्रत्येक कागदावर. आणि ॲलर्जी तोंडाने विचारायची, प्रत्येकाला, जुना पेशंट असला तरी. स्क्रीनवर ॲलर्जीच्या रकान्यात कचरा दिसतो तेव्हा माणसाची नजर तिथून घसरते आणि रिकामा आहे असं वाटतं, हे आमच्याकडे प्रत्यक्ष झालेलं आहे, वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. लसीकरणाचं तर पालकांकडे कार्ड असतंच, ते बघूनच द्या.

जुनी कागदी रजिस्टरं टाकली नाहीत ना? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमात भरती पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं आहे, आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांच्या आत द्यायचं. "सॉफ्टवेअर बिघडलंय" हे कारण तिथे लिहिलेलं नाही. सोनोग्राफी होत असेल तर एफ फॉर्म (गरोदर बायकांच्या सोनोग्राफीची नोंद) २ वर्षं, तो वेगळाच.

---

दवाखानेवाला | मंगळवार, सकाळी ८:३५

रजनीगंधाताई दंडवत. हा तुमचा मेसेज जसाच्या तसा बायकोला पाठवला, तिचं उत्तर "ही बाई आपल्याकडे नोकरीला येईल का विचार". रजिस्टर आहे, लाल कापडी पाठीचं, ताईंनी सवय म्हणून चालूच ठेवलंय, मी दोनदा सांगितलं होतं बंद करा म्हणून.

कराडला पोचलो. लॅपटॉप ताब्यात. हे बघा स्क्रीनवर काय येतंय *[चित्र काढून टाकले आहे]*

---

चावडीप्रमुख | मंगळवार, सकाळी ८:५२

चित्र उडवलं आहे. कचऱ्याच्या बाजूला मोबाइल नंबर आणि जन्मतारीख इंग्रजी आकड्यांत स्वच्छ वाचता येत होती. पेशंटची माहिती इथे टाकायची नाही, झाकून पण नाही, लोक झाकतात आणि अर्धं उघडं राहतं. एक खोटा पेशंट तयार करा आणि त्याच्यावर प्रयोग करा.

---

दवाखानेवाला | मंगळवार, सकाळी ९:०५

चुकलं, क्षमस्व. जुन्या लॅपटॉपवर खोटा पेशंट टाकलाय, माझ्या पणजीचं नाव, झुंबर. अवघड अक्षरं आहेत म्हणून. त्याच रस्त्याने नव्यावर नेऊन बघतो.

---

बिटवाकडा | मंगळवार, सकाळी ९:४०

नाव फर्मास निवडलंत, का ते सांगतो.

देवनागरीचं प्रत्येक अक्षर (मात्रा, पायमोड, अनुस्वार हे सुद्धा वेगवेगळे धरायचे) यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. पहिला कायम ई० (हे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, ० ते ९ आणि पुढे ए ते एफ). दुसरा ए४ किंवा ए५. तिसऱ्यावरून अक्षर ठरतं. अ म्हणजे ई० ए४ ८५. तुमच्या जुन्या सेटअपमध्ये टेबलं लॅटिन-वन, म्हणजे फक्त पश्चिम युरोपियन अक्षरांची होती (मायएसक्यूएलचा डिफॉल्ट आठव्या व्हर्जनपर्यंत तोच होता, ते बनवणाऱ्या स्वीडिश कंपनीची कृपा) आणि ब्राउझर पाठवत होता यूटीएफ-८. डेटाबेसला वाटायचं हे तीन युरोपियन अक्षर आहेत, तो गपचूप ठेवायचा, मागितले की तसेच परत द्यायचा, ब्राउझर त्याचं परत अ करायचा. दोघंही चुकत होते पण एकमेकांना सांभाळून, जुन्या संसारासारखं. तुम्ही त्या व्हिडिओवाल्याचं ऐकून टेबलं कन्व्हर्ट केलीत तेव्हा डेटाबेसने इमानदारीत त्या तीन युरोपियन अक्षरांचं यूटीएफ-८ केलं. म्हणजे डबल झालं. नव्या मशीनवर त्या कॉलमचा हेक्स काढून बघा, सरळ असेल तर ई०ए४ ने सुरू होईल, डबल झालं असेल तर सी३ए०सी२ए४ ने.

आता सीता आणि सुनीता. मायएसक्यूएलचं लॅटिन-वन म्हणजे खरं तर विंडोजचं पश्चिम युरोपियन कोडपेज (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता), त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. मायएसक्यूएल या पाचही जागा शहाण्यासारखा सांभाळतो, पण बाहेरचे बरेच कन्व्हर्टर तिथे अडखळतात आणि तो बाइट गिळतात. आणि मराठीचं नशीब बघा, ८१ वर येतो ऱ्हस्व उकार, ८डी वर पायमोड, ८एफ वर ए, ९० वर ऐ, ९डी वर झ. चंद्रबिंदू पण ८१ च. सीतामध्ये यातलं काही नाही म्हणून ती वाचली, सुनीताचा उकार गेला, लक्ष्मीचा तर पायमोडच दोनदा. झुंबरमध्ये झ आणि उकार लागोपाठ. ठ पण तपासा, त्याचा शेवटचा बाइट ए० म्हणजे न तुटणारी स्पेस, एक्सेलमधून फिरवलं की ती साधी स्पेस होऊन जाते कधी कधी. विठाबाईची वाबाई.

थोडक्यात बाहेरचं कुठलंही हत्यार नको. उलटं फिरवायचं ते मायएसक्यूएलच्या आतच.

---

माती_आणि_मॉनिटर | मंगळवार, सकाळी ९:५५

हा प्रतिसाद सेव्ह केलाय. चार वर्षं मला वाटायचं आमच्या पतसंस्थेच्या यादीत जोडाक्षरंच का तुटतात.

अवांतर: आमच्या मेडिकल दुकानात वेगळाच प्रकार होता, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेलं. तिथे हा उपाय चालत नाही बरं का, त्यात आत सगळी इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त वरून मराठी चेहरा लावतो. फॉन्ट गेला की कखगच्या जागी इंग्रजी बाराखडी. त्याला त्या त्या फॉन्टचा वेगळा कन्व्हर्टर लागतो.

---

दवाखानेवाला | मंगळवार, सकाळी ११:१५

परत आलो. हेक्स काढला. झुंबर: सी३ए०सी२ए४सी२९डी... म्हणजे डबल, तुम्ही म्हणालात तसंच. जुने पेशंट सगळे डबल. पण काल सोमवारच्या ३८ पेशंटच्या नव्या नोंदी मात्र ई०ए४ ने सुरू होताहेत, म्हणजे त्या सरळ आहेत. आता काय, सगळ्यावर एकदम उलटी क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) चालवू का?

---

डॉ_मालवणी | मंगळवार, सकाळी ११:१८

नको नको नको!! अरे बाबा थांब.

मी हेच केलेलं. आमच्याकडे पण अर्धे उलटे अर्धे सुलटे होते, मी एकच क्वेरी सगळ्या टेबलावर मारली, उलटे सुलटे झाले आणि जे आधीपासून सुलटे होते त्यांची नुसती प्रश्नचिन्हं झाली. लॅटिन-वनमध्ये मराठी अक्षर मावतच नाही ना, मग तो बिचारा प्रश्नचिन्ह ठेवतो. चार दिवसांच्या नोंदी गेल्या माझ्या. गणपतीचे दिवस, चाकरमानी गावाला आलेले, तापाचे पेशंट रांगेत, त्या सगळ्यांची नावं माझ्या दप्तरी आजपण प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह अशीच आहेत. बायको म्हणते तुझे खरे पेशंट तेच.

---

बिटवाकडा | मंगळवार, सकाळी ११:३०

डॉक्टरांना +१. म्हणूनच काल रात्री ओरडत होतो.

असं करा. आधी अख्ख्या डेटाबेसचा आत्ताचा, बिघडलेल्या अवस्थेतला डंप, दोन ठिकाणी. मग त्याची एक कॉपी वेगळ्या नावाने उभी करा, सगळे प्रयोग तिच्यावर.

क्वेरी अशी: कॉलम लॅटिन-वनमध्ये कन्व्हर्ट, त्याला बायनरी (नुसते बाइट, अक्षरं नव्हेत) म्हणून कास्ट, आणि ते परत यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये कन्व्हर्ट. मधला बायनरीचा टप्पा विसरलात तर डेटाबेस शहाणपणा करून परत भाषांतर करेल आणि तुम्ही होतात तिथेच. अट: ज्या ओळीत त्या कॉलमच्या हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ सापडतं फक्त तीच.

आणि हे नीट वाचा, अट कॉलमनिहाय, पेशंटनिहाय नाही. काल तुमच्या ताईंनी एखाद्या जुन्या पेशंटचं नाव फ्रेंच दिसतंय म्हणून हाताने परत टाइप केलं असणार, करतातच. त्याचं नाव सुलटं आणि पत्ता उलटा. पेशंट धरून फिरवलंत तर नावाची प्रश्नचिन्हं.

आधी अपडेट (बदल) नाही, सिलेक्ट (नुसतं बघणं). जुनं नवं शेजारी शेजारी काढा आणि डोळ्याने बघा. जिथे उत्तर नल (म्हणजे काहीच नाही) येतंय त्या ओळी बाजूला काढा.

---

हडसनकाठचा | मंगळवार, दुपारी १२:०५

इकडे न्यू जर्सीत मध्यरात्र उलटून गेलीये, पण धागा सोडवत नाही. मी हॉस्पिटल आयटीमध्येच आहे. नावांचं बिटवाकडांनी बघितलंय, मी रिपोर्टचं बोलतो.

तुमचे जुने रिपोर्ट खराब झालेले नाहीत, कुलूपबंद आहेत. ओपनईएमआर डिस्कवर ठेवलेली कागदपत्रं एन्क्रिप्ट करतं, सेटिंगमध्ये बंद केलं नसेल तर. किल्ल्या दोन जागी असतात, काही डेटाबेसमध्ये कीज नावाच्या टेबलात आणि काही डिस्कवर, साइट्सच्या आत डिफॉल्ट, डॉक्युमेंट्स, लॉग्ज अँड मिस्क, आणि त्याच्या आत मेथड्स नावाचं फोल्डर. डिस्कवरच्या किल्ल्या परत डेटाबेसमधल्या किल्ल्यांनी बंद केलेल्या असतात, म्हणजे दोन्ही जोडीने लागतात. माझा अंदाज, तुम्ही डॉक्युमेंट्समधली पेशंटच्या नंबरांची फोल्डरं तेवढी आणलीत आणि लॉग वगैरे काय करायचंय म्हणून ते मागे ठेवलंत.

---

दवाखानेवाला | मंगळवार, दुपारी १२:२०

तुम्ही माझ्या खांद्यावरून बघत होतात का. अगदी हेच. लॉग म्हणजे कचरा समजलो, जागा वाचवली. किती वाचवली तर काही केबी.

आता ते फोल्डर जुन्या लॅपटॉपवरून आणून नव्यावर डकवू ना?

---

हडसनकाठचा | मंगळवार, दुपारी १२:३१

डकवू नका लगेच. किल्ली सापडली नाही की हे सॉफ्टवेअर नवीन किल्ली बनवतं, म्हणून तर काल स्कॅन केलेले रिपोर्ट उघडताहेत. त्याच नावाची जुनी फाइल वर डकवलीत तर जुने उघडतील आणि कालचे कायमचे बंद होतील.

क्रम: कालचे रिपोर्ट आधी उघडून डाउनलोड करा, साध्या पीडीएफ म्हणून. नव्या मशीनवरच्या मेथड्स फोल्डरची कॉपी बाजूला. मग जुनं फोल्डर आणा, मालकी वेब सर्व्हरच्या युजरकडे द्या (उबुंटूवर हे सगळे विसरतात आणि मग किल्ली असून वाचता येत नाही), जुना एक रिपोर्ट उघडून बघा. उघडला तर कालचे परत अपलोड.

कामावर आमच्याकडे अपग्रेडच्या आधी डाउनटाइमची पेटी असते, खरीखुरी पेटी, प्लास्टिकची, त्यात कोरे फॉर्म, पेनं, आणि आदल्या दिवशीची पेशंट यादी छापलेली. अमेरिकेच्या हिपा कायद्यात (पेशंटच्या माहितीचा कायदा) बॅकअप आणि सिस्टिम बंद असताना काम कसं चालवणार याचा आराखडा लेखी लागतो म्हणून. पण खरं सांगायचं तर त्या पेटीची किल्ली कुणाकडे आहे हे आम्हाला पण दरवेळी शोधावं लागतं.

---

चहाबाज | मंगळवार, दुपारी १२:४०

म्हणजे सातासमुद्रापार करोडोंची सिस्टिम, आणि शेवटी प्लास्टिकची पेटी. लाल कापडी रजिस्टरचा विजय असो.

---

रजनीगंधा | मंगळवार, दुपारी १:१५

हसा. रजिस्टरला चार्जिंग लागत नाही.

---

दवाखानेवाला | मंगळवार, रात्री ९:३०

मंडळी, रिपोर्ट उघडले!! कालचे ९ होते ते आधी उतरवून घेतले, मग जुन्या किल्ल्या, पहिल्यांदा एररच आली, मालकी बदलायची विसरलो होतो (सांगूनसुद्धा), ती बदलली आणि २०२१ मधला एक छातीचा एक्सरे धाडकन समोर. एवढा सुंदर एक्सरे मी आयुष्यात बघितला नाही. कालचे ९ परत चढवले.

नावांचं कॉपीवर केलं. झुंबर सरळ आली, झ सकट उकार सकट. सुनीता लक्ष्मी एकनाथ सगळे हजर. पत्त्याच्या कॉलममध्ये मात्र ११ ओळी नल. बिटवाकडा, हे का?

---

बिटवाकडा | मंगळवार, रात्री ९:५०

लांबलचक पत्ते असणार. जुन्या कॉलमची लांबी २५५, लॅटिन-वनमध्ये एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणजे मराठीची जेमतेम ८५ अक्षरं, मात्रा धरून. त्याच्यापुढचं तेव्हाच, टाइप केलं त्याच दिवशी, न सांगता छाटलं गेलं. छाटताना शेवटच्या अक्षराचे तीनातले एक किंवा दोनच बाइट उरले की ते अक्षर अवैध, आणि मायएसक्यूएल त्या रकान्याचं पूर्ण उत्तरच नल देतो. म्हणजे हा अपग्रेडचा दोष नाही, वर्षानुवर्षं तसंच होतं, फक्त आज उघडं पडलं.

या ११ ओळींवर अपडेट चालवू नका. बाकीच्यांवर चालवा, या हाताने भरा.

---

दवाखानेवाला | बुधवार, रात्री ८:४०

काल रात्री दीडला लाइव्हवर चालवलं. कॉलमनिहाय, पेशंटचे, भेटीच्या नोंदींचे, ॲलर्जीचे, औषधांच्या सूचनांचे. कॉपीवर जेवढ्या ओळी बदलल्या होत्या तेवढ्याच इथे बदलल्या, मग झोपलो. तुम्ही म्हणालात तसं तीन पेशंटची नावं सुलटी आणि पत्ते उलटे सापडले, ताईंनी हाताने दुरुस्त केलेले. पेशंट धरून चालवलं असतं तर ते तिघं गेले असते.

११ पत्ते ताईंनी लाल रजिस्टरवरून भरले. एकाचा लांबलचक पत्ता सॉफ्टवेअरमध्ये शेवटी "... मारुती मंदिराच्या मागं, पाण्याच्या टा" एवढ्यावर संपत होता, आणि रजिस्टरमध्ये "टाकीशेजारी, पत्र्याचं घर, कुत्रं आहे". कुत्रं आहे हे डॉक्टरीणबाईंना व्हिजिटला जाताना उपयोगी म्हणून ताईंनी लिहिलेलं. ते पण भरलं.

मंगळवारचे कागदी केसपेपर आज दुपारी बसून चढवले, मंगळ १ ते मंगळ ५२.

पीडीएफमधल्या वेलांटीचं काय करायचं ते राहिलंय.

---

हडसनकाठचा | बुधवार, रात्री ९:१०

ती पीडीएफ एमपीडीएफ नावाच्या लायब्ररीतून निघते. देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसवायला तिला तसा फॉन्ट आणि तशी सेटिंग लागते, नाहीतर ती अक्षरं टाइप केलेल्या क्रमाने नुसती ओळीत मांडते. करता येतं पण आज नको, तुम्ही दोन रात्री जागलाय. तोवर चिठ्ठी पीडीएफ न करता ब्राउझरमधूनच थेट प्रिंट करा, ब्राउझरला मराठी येतं.

---

दवाखानेवाला | बुधवार, रात्री ९:२५

केलं. वेलांटी जागेवर. इतकं सोपं होतं.

---

डॉ_मालवणी | गुरुवार, सकाळी १०:०२

अभिनंदन हो. आता ते मेथड्स फोल्डर आणि डेटाबेस दोन्हीचा बॅकअप एकत्र घ्या, एकाच वेळचा. आणि घेतला की दुसऱ्या मशीनवर चढवून एक रिपोर्ट उघडून बघा. माझ्याकडे दीड वर्षं रोज बॅकअप होत होता, पेनड्राइव्हवर, त्या पेनड्राइव्हची जागा केव्हाच भरलेली.

---

दवाखानेवाला | गुरुवार, दुपारी २:३०

एक शेवटचा किस्सा सांगून धागा बंद करतो.

आज ओपीडीत रिसेप्शनवरच्या ताईंनी यादी बघून हाक मारली, "झुंबरबाई कोण, झुंबरबाई?" माझी पणजी, खोटी पेशंट, मी टेस्टसाठी तिची अपॉइंटमेंट पण टाकून बघितली होती, काढायची राहिली. आणि बाकावरची एक आजी काठी टेकत उठली. म्हणे मीच झुंबर. खरोखर त्यांचं नाव तेच. आत जाऊन बसल्या, डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली तर वय ११४ आणि मी गमतीत लिहिलेलं "ॲलर्जी: जावई".

---

रजनीगंधा | गुरुवार, दुपारी २:३४

हसू नका, याच्यापायी माणसं दगावू शकतात. ती पेशंट आत्ताच्या आत्ता डिलीट करा. पुढच्या वेळी खोट्या पेशंटचं नाव "टेस्ट टेस्ट", वय शून्य, असं ठेवा. आणि हाक मारताना पूर्ण नाव आणि गाव.

---

दवाखानेवाला | गुरुवार, दुपारी २:४१

केली ताई. आजींची फाइल सापडली, २०२२ पासूनची आहे, बीपीच्या गोळ्या, सगळ्या तारखा व्यवस्थित. नाव मात्र तेव्हा कुणीतरी "झूंबर" असं दीर्घ टाइप केलंय, म्हणून शोधात आली नव्हती. सुधारलं.